आरोग्याचा प्रश्न सभागृहात कसा जातो? खासदार-आमदारांच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र आलंय, पण चालवायला माणूस नाही. खासदारांकडे जायचं की आमदारांकडे?

आमदारांकडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं ही राज्यसूचीतली, म्हणजे राज्यांच्या विषयांच्या यादीतली, सहावी नोंद आहे. रुग्णालय बांधणं, पदं मंजूर करणं, भरणं, बदल्या करणं हे सगळं राज्याचं काम. खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारला तर एका ओळीत उत्तर येतं: ‘आरोग्य हा राज्यांचा विषय असून रुग्णालयांची व्यवस्था पाहण्याची प्राथमिक जबाबदारी संबंधित राज्य सरकारची आहे.’ हे उत्तर चुकीचं नसतं. प्रश्नच चुकीच्या दारात गेलेला असतो.

मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, आरोग्याचा बराच भाग येतो: औषधं, वैद्यकीय व्यवसाय, कुटुंब नियोजन, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणारे साथीचे रोग. शिवाय केंद्राचे पैसे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो. म्हणून आधी एवढंच शोधा की रिकामं पद नियमित आहे की अभियानातलं कंत्राटी. नियमित असेल तर विधानसभा. कंत्राटी असेल आणि पगारच थकला असेल, तर केंद्राचा हप्ता कधी आला हे खासदार विचारू शकतात आणि राज्याचा हिस्सा कधी जमा झाला हे आमदार. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की पैसा कुठे अडला ते दिसतं.

काही प्रश्न दोन राज्यांच्या मध्ये लटकतात. सिंधुदुर्गातले रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात, कारण ते जवळ पडतं. तिथल्या शुल्काचा निर्णय गोवा सरकारचा, रुग्ण महाराष्ट्राचे. अशा वेळी आमदारांनी आपल्या सरकारला दोन गोष्टी विचारायच्या. बांबोळीतल्या उपचारांचा खर्च राज्याच्या योजनेतून भागवण्याची काय व्यवस्था आहे? आणि आपल्याच जिल्ह्यात ती सोय कधी होणार? गोव्याच्या निर्णयावर महाराष्ट्राच्या विधानसभेत कितीही आवाज चढवला तरी त्याला उत्तर द्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

योग्य खातं कसं ओळखायचं?

सर्वांत जास्त प्रश्न इथे वाया जातात. विषय ‘आरोग्याचा’ वाटतो, म्हणून सगळं आरोग्य मंत्र्यांच्या नावे लिहिलं जातं. प्रत्यक्षात वाटणी अशी आहे:

औषधाचा दर्जा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे, पण औषधाची किंमत आणि जनऔषधी केंद्रं रसायन व खते मंत्रालयाकडे. ईएसआय (कामगार विमा) रुग्णालय कामगार मंत्रालयाकडे. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना संरक्षण मंत्रालयाकडे. अंगणवाडी महिला व बालविकास मंत्रालयाकडे. दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. केंद्राचं वृद्धापकाळ आणि विधवा निवृत्तिवेतन मात्र सामाजिक न्याय मंत्रालयाकडे नाही, ते ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे. इथे भलेभले चुकतात.

राज्यातही तेच. जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं असेल, तर कोणती खाट कोणाची यावरून दोन विभागांत टोलवाटोलवी चालते. प्रश्न विचारण्याआधी हस्तांतराचा शासन निर्णय काढून वाचावा. धर्मादाय रुग्णालयानं गरीब रुग्णाला नाकारलं, तर त्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते आणि ते कार्यालय विधी व न्याय विभागाखाली येतं.

तारांकित आणि अतारांकित प्रश्नात फरक काय?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं आणि पटलावर ठेवलं जातं.

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात; राज्यसभेत १५ आणि १६०. प्रश्नोत्तराचा तास लोकसभेत सकाळी ११ ला, राज्यसभेत दुपारी १२ ला. लोकसभेत प्रश्नाची सूचना (नोटीस) किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सूचना जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून क्रम सोडतीनं ठरतो. मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो. गेल्या काही वर्षांत आरोग्याचा वार लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत मंगळवार राहिला आहे. अधिवेशन चार आठवड्यांचं असेल आणि एक शुक्रवार सुट्टीत गेला, तर लोकसभेत आरोग्य मंत्र्यांना विचारायला उरले तीनच दिवस.

आणि यादीत वीस असले तरी तासाभरात तोंडी चर्चेला पाच-सहाच येतात. उरलेल्यांची उत्तरं लेखी मानली जातात. त्यामुळे ‘आमच्या खासदारांचा प्रश्न लागला’ एवढ्यावर हुरळून जाऊ नये. तो कितव्या क्रमांकावर लागला ते बघावं.

आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्नच बरा. तारांकित प्रश्न धोरणासाठी राखावा, जिथे मंत्र्यांना उपप्रश्नानं अडवता येतं. मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला दोन उपप्रश्न मिळतात. बरेच सदस्य त्यातला पहिला उपप्रश्न भाषणात घालवतात.

चांगला प्रश्न कसा लिहितात?

आधी वाईट नमुना पाहू.

‘ग्रामीण भागातील किडनी रुग्णांची अत्यंत दयनीय अवस्था असून त्यांना डायलिसिससाठी शहरात जावे लागते, याची सरकारला जाणीव आहे काय आणि सरकार यावर कोणती ठोस पावले उचलणार आहे?’

याचं उत्तर डोळे मिटून लिहिता येतं. २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, तो सार्वजनिक-खासगी भागीदारीत चालतो, राज्यांच्या प्रस्तावानुसार निधी दिला जातो. संपलं.

आता तोच विषय असा मांडा:

(क) राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात जिल्हानिहाय किती यंत्रे मंजूर आहेत आणि त्यांपैकी ३१ मार्च रोजी किती चालू होती;
(ख) मागील तीन आर्थिक वर्षांत राज्याने किती निधी मागितला, किती मंजूर झाला आणि किती खर्च झाला;
(ग) एकही यंत्र नसलेले जिल्हे कोणते आणि त्यांचे प्रस्ताव राज्याकडून आले आहेत काय;
(घ) आले असल्यास ते कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहेत?

‘मंजूर’ आणि ‘चालू’ हे दोन शब्द वेगळे विचारले, यातच अर्धं काम झालं. ‘मागितला, मंजूर, खर्च’ हे तीन आकडे वेगळे मागितले की केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवू शकत नाही. तारीख मागितली की ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर तोकडं पडतं.

लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो. त्यात युक्तिवाद, आरोप, उपरोध किंवा बदनामी चालत नाही. न्यायप्रविष्ट बाब, कुणाचं मत विचारणं, काल्पनिक प्रसंग, आधीच उत्तर मिळालेली गोष्ट, सहज मिळणाऱ्या छापील कागदांतली माहिती, यांवर प्रश्न नाकारला जातो. ‘गावोगावची’ माहिती मागितली तर आकडे केंद्र स्तरावर ठेवले जात नाहीत असं उत्तर येतं, म्हणून जिल्ह्याच्या खाली जाऊ नये.

विधानसभेतल्या उत्तरात ‘अंशतः खरे आहे’ असतं. याचा अर्थ काय?

महाराष्ट्राच्या विधिमंडळात प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही त्याच साच्यात येतात. ‘होय, हे खरे आहे’ आलं तर सरकारनं वस्तुस्थिती मान्य केली; पुढच्या पाठपुराव्यात हीच ओळ उद्धृत करायची. ‘हे खरे नाही’ आलं तर बहुतेकदा प्रश्नातला एखादा तपशील चुकलेला असतो, तारीख किंवा संख्या. बालमृत्यू १४ झाले असं लिहिलं आणि नोंद १३ ची निघाली, तर अख्ख्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळं होता येतं. मग ‘असल्यास’च्या पुढचे सगळे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत संपतात.

‘अंशतः खरे आहे’ हे सर्वांत कामाचं उत्तर. कोणता अंश खरा, ते पुढच्या वाक्यांत नीट वाचावं. तिथे सहसा पदांची संख्या किंवा चौकशीचा टप्पा दिलेला असतो.

म्हणून प्रश्नात एकच दावा एका भागात लिहावा. तीन दावे एका वाक्यात कोंबले की एक चुकला तरी तिन्ही बुडतात.

मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला आणि काहीच झालं नाही. पुढे काय?

सभागृहात दिलेला शब्द नोंदला जातो. ‘मी यात लक्ष घालीन’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’ यांसारखी वाक्यं संसदेत आश्वासन म्हणून धरली जातात आणि ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात. लोकसभेत यासाठी १५ सदस्यांची शासकीय आश्वासन समिती आहे. विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मंत्रालय मुदतवाढ मागू शकतं आणि मागतंच. कधी आश्वासन वगळण्याची विनंतीही केली जाते.

सदस्यानं करायचं एवढंच की उत्तराची तारीख, प्रश्न क्रमांक आणि ते वाक्य टिपून ठेवायचं आणि चौथ्या महिन्यात समितीला पत्र द्यायचं. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून फार थोडे करतात.

साथ आली आहे, पंधरा दिवस थांबता येत नाही. तातडीचा मार्ग कोणता?

संसदेत शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांना तातडीचे सार्वजनिक प्रश्न मांडता येतात ती वेळ. त्यासाठी सकाळी कामकाज सुरू होण्याआधी सूचना द्यायची. वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळते आणि मंत्र्यांवर लगेच उत्तर देण्याचं बंधन नसतं. लोकसभेत नियम ३७७ खाली लेखी मजकूर वाचता किंवा पटलावर ठेवता येतो, मर्यादा २५० शब्द. त्याचं उत्तर मंत्रालयाकडून नंतर पत्रानं येतं. दिसायला शून्य प्रहर मोठा, कामाला ३७७ बरा, कारण हातात कागद पडतो.

विधानसभेत याच्या तोडीचं हत्यार म्हणजे लक्षवेधी सूचना, नियम १०५. लक्षवेधी लागली की मंत्र्यांचं निवेदन येतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. आरोग्याच्या बाबतीत प्रत्यक्ष हालचाल बहुधा लक्षवेधी लागण्याच्या आदल्या दिवशीच होते, कारण विभागाला निवेदन तयार करायला जिल्ह्यातून अहवाल मागवावा लागतो. तो फोन जिल्हा शल्य चिकित्सकांना गेला की रखडलेली औषधं अचानक पोहोचतात.

खासदार स्वतः कायदा आणू शकतात का? अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेली) विधेयकं तर कधीच मंजूर होत नाहीत.

जवळजवळ नाहीच. स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेली अशासकीय विधेयकं १४; शेवटचं १९७० मध्ये. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना आलटून पालटून मिळतात. सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर सोबत वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचं टिपण, जोडावं लागतं आणि विचारार्थ घेण्यासाठी राष्ट्रपतींची शिफारस लागते. आरोग्य-समाजकल्याणाची बहुतेक विधेयकं इथेच अडकतात.

तरीही ती वाया जात नाहीत. द्रमुकचे तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक एप्रिल २०१५ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं. ४५ वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. लोकसभेत ते पुढे गेलं नाही, पण २०१६ मध्ये सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तो मूळ विधेयकापेक्षा सौम्य आहे अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये मांडलेलं, कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं विधेयकही कायदा झालं नाही, मात्र तो विषय देशभर बोलला गेला.

मुंबई इलाख्याचा इतिहास तर याहून जुना. गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात पगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बोलले. कायदा १९२९ मध्ये झाला. १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारनं द्याव्यात असा अशासकीय ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. आज कुटुंब नियोजन समवर्ती सूचीत आहे.

संसदेच्या समित्यांचं काम दिसत नाही. तिथे खरंच काही होतं का?

सभागृहापेक्षा जास्त होतं. आरोग्य व कुटुंब कल्याणाच्या स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठकीत कॅमेरा नसतो, त्यामुळे सचिवांना सरळ प्रश्न विचारले जातात आणि पक्षाची भिंतही थोडी खाली येते. मार्च २०१६ च्या ९२ व्या अहवालात या समितीनं भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभाराची चिरफाड केली. पुढे ती परिषद बरखास्त होऊन २०१९ च्या कायद्यानं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. सरोगसीच्या विधेयकावरही आधी या समितीनं, मग राज्यसभेच्या प्रवर (त्या विधेयकापुरत्या नेमलेल्या) समितीनं दुरुस्त्या सुचवल्या आणि २०२१ च्या कायद्यात त्यातल्या काही उतरल्या.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण त्या का स्वीकारल्या नाहीत हे सरकारला लेखी सांगावं लागतं आणि त्यावर समिती पुन्हा ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल’ काढते. विधेयक समितीकडे गेलं की सहसा जाहिरात देऊन सूचना मागवतात. संस्था, डॉक्टर, रुग्णगट यांना लेखी निवेदन देण्याची ती संधी असते, आणि बहुतेकांना ती मुदत टळल्यावर कळते.

अर्थसंकल्पात आरोग्यावर चर्चा होते का?

नेहमी नाही. मोजक्याच मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, चर्चेला येतात. उरलेल्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. मागणीतली रक्कम कमी करा असं सांगणारी कपात सूचना देता येते. विशिष्ट तक्रारीसाठीची लाक्षणिक कपात १०० रुपयांची असते. ती मंजूर होत नाही, पण तक्रार नोंदली जाते.

केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन इतकं कमी का, आणि खासदार काय करू शकतात?

दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, ८० वर्षांवरच्यांना ५००. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये हातात पडतात, कारण वरचा भार राज्य उचलतं. त्यामुळे केंद्राचा वाटा गोठलाय हे लाभार्थ्याच्या लक्षातच येत नाही. ग्रामविकासाच्या स्थायी समितीनं तो वाढवण्याची शिफारस वारंवार केली आहे. खासदारांनी विचारायचं ते हे: शिफारशीवर काय निर्णय झाला, आणि लाभार्थ्यांची कमाल संख्या कोणत्या वर्षाच्या लोकसंख्येवरून ठरवली आहे? दुसरा भाग जास्त टोचतो. रक्कम वाढली तरी जुन्या संख्येमुळे नव्या गरिबांना केंद्राच्या यादीत जागा मिळत नाही.

खासदार निधीतून रुग्णवाहिका मिळेल का? औषधं?

रुग्णवाहिका मिळते, औषधं मिळत नाहीत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आता वर्षाला ५ कोटी रुपये आहेत. खासदार शिफारस करतात. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. पैसा टिकाऊ सामुदायिक मालमत्तेवरच खर्च व्हावा लागतो. पगार, इंधन, औषधं यांसारखा आवर्ती खर्च बसत नाही. किमान १५ टक्के निधी अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी सुचवायचा असतो. राज्यसभेचे सदस्य आपल्या राज्यात कुठेही शिफारस करू शकतात.

बिघडतं ते नंतर. गाडी येते, नारळ फुटतो, आणि चालक कोणी द्यायचा यावरून ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात उभी राहते. म्हणून शिफारशीच्या पत्रासोबतच चालक, विमा, इंधन आणि देखभाल कोण करणार याचं लेखी हमीपत्र त्या यंत्रणेकडून घ्यावं. डायलिसिस यंत्राचंही तसंच: पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ नसेल तर यंत्र खोक्यातच राहतं.

उपचारासाठी खासदार-आमदारांचं पत्र किती उपयोगी पडतं?

पत्रानं खाट तयार होत नाही. पात्र रुग्णाची फाइल हलायला मदत होते. आधी हक्काचं तपासा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यासाठी कुणाचंही पत्र लागत नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. दुर्मीळ आजारांसाठी केंद्राच्या धोरणाखाली निवडक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत आहे. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री सहायता निधी यानंतर.

अर्ज फेटाळले जातात ते क्षुल्लक कारणांनी: खर्चाच्या अंदाजपत्रकावर रुग्णालयाचा शिक्का नसणं, आधार आणि शिधापत्रिकेवर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं, रुग्णालय मान्यताप्राप्त यादीत नसणं. आणि उपचार पूर्ण होऊन बिल भरल्यावर अर्ज करणं, हे तर रोजचंच.

हजेरी आणि प्रश्नांची संख्या पाहून खासदाराचं काम मोजता येतं का?

थोडंफार. मंत्री आणि पीठासीन अधिकारी प्रश्न विचारत नाहीत, तेव्हा त्यांचा आकडा शून्यच दिसणार. एकच प्रश्न पाच सदस्यांच्या नावे एकत्र लागतो आणि पाचही जणांच्या खात्यात मोजला जातो. मतदानात पक्षादेश (व्हिप) असतो. तो मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यामुळे सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणून नुसत्या मतावरून भूमिका ठरवू नये. त्यापेक्षा एखाद्या विषयावर तीन-चार अधिवेशनांतले प्रश्न ओळीनं लावून वाचा. आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न आला असेल, तर त्या कार्यालयात कुणीतरी फाइल ठेवतंय.

निवेदन कधी आणि कसं द्यावं?

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच, त्याच आठवड्यात. लोकसभेसाठी १५ दिवसांची अट आहे, विधानसभेचे तारांकित प्रश्न तर अधिवेशनाच्या बरेच आधी घेतले जातात. नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर मोर्चा घेऊन दिलेल्या निवेदनातून त्या अधिवेशनात तारांकित प्रश्न होत नाही. फार तर औचित्याचा मुद्दा होतो.

निवेदन एक पान. पहिल्या ओळीत मागणी, मग संस्थेचं पूर्ण नाव आणि तालुका, मंजूर पदं, भरलेली पदं, माहिती कोणत्या तारखेची, आणि शासन निर्णयाचा क्रमांक. माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर असेल तर त्याची छायाप्रत. रुग्णाचं नाव किंवा नावासह त्याचा आजार लिहू नये. एकदा कामकाजाच्या नोंदीत गेलं की ते सहजासहजी पुसलं जात नाही. शेवटी तुम्हाला हवे असलेले चार भाग प्रश्नाच्या रूपातच लिहून द्या, म्हणजे स्वीय सहायकाला ते फक्त साच्यात बसवावे लागतात. पोच घ्या, त्यावर तारीख आणि आवक क्रमांक मागा, आणि आठ दिवसांनी फोन करून सूचना दिली गेली का आणि कोणत्या वारासाठी, एवढंच विचारा.